खाणकऱ्यांच्या काही खुणा

शेरलॉक होम्सच्या चातुर्यकथा आपल्याकडील सुशिक्षित घरांतून इतक्या आवडीने वाचल्या गेल्या आहेत की, ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या कादंबरीचे नुसते नाव घेतले तरी पुष्कळांना तिचा उत्तरार्ध आठवेल. कोळशाच्या खाणींनी काळवंडलेले एक अमेरिकन खोरे, त्यात दहशत माजविणारी खुनी लोकांची एक गुप्त मंडळी, आणि खोटे नाव धारण करून तिच्यात शिरलेला एक धाडसी हेर, असे ते कथानक आहे. १९१४-१५ साली ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यामागे एक खरीखुरी हकीकत होती. खऱ्या हेराचे नाव जेम्स मॅकपार्लन. त्या खुनी मंडळीला लोकांनी दिलेले नाव ‘मॉली मॅग्वायर’. आणि कादंबरीकाराने ज्यांना रक्तपिपासू म्हणून रंगविले, त्यांच्यासारखी वीस हाडामांसाची माणसे १८७७ ते १८७९ या अवधीत पेनसिल्व्हेनिया संस्थानात फासावर चढविली गेली. ती सर्वच अपराधी होती काय, आणि असली तरी त्यांना मिळाला तो न्याय होता काय, हा वाद सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी मिटलेला नाही.

या वादातील मोठी अडचण कोणती, ते प्रथमच सांगून ठेवतो. या प्रकरणासंबंधी त्या काळी जे जे लिहिले गेले, ते जवळजवळ सगळे एकाच पक्षाने लिहिले. हेराचे अहवाल त्याच्या धन्याने जपून ठेवले. त्याचा धनी ॲलन पिंकर्टन याने, फाशी झाली त्याच वर्षी, म्हणजे १८७७ साली, या विषयावर एक जाडजूड पुस्तक काढले. फिर्यादी पक्षाच्या वकिलांची भाषणे पुस्तिकारूपाने छापून विकली गेली. ज्यांना फाशी झाली त्यांच्यात लेखणी चालविणारे थोडे. त्यांच्या बाजूने मागे राहिल्या त्या काही लहानसहान खुणा : एखादा कागदाचा कपटा, एखादे फूल, भिंतीवरचा एक डाग. इतिहासकार अशा वस्तूंकडे सहसा संशयानेच पाहतो, आणि तसे पाहणे योग्यही आहे. तथापि दुसऱ्या पक्षाचा कागदच जेथे उपलब्ध नाही, तेथे या खुणांना बोलते करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पहिली खूण म्हणजे पगाराची चिठ्ठी. पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात अँथ्रासाइट नावाचा अतिकठीण, धूर न करणारा कोळसा सापडतो. अमेरिकेतील शेगड्या आणि लोखंडाच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर पेटत होत्या. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भीषण दुष्काळ झाला, त्यातून जीव वाचवून निघालेले हजारो लोक या खाणींत उतरले. कोळसा फोडण्याचे कसबाचे काम बहुधा वेल्समधून किंवा इंग्लंडमधून आलेल्या मुरलेल्या खाणकऱ्यांकडे असे, आणि तो भरून ओढण्याचे काम आयरिश मजुराकडे. मजुराचे घर कंपनीच्या मालकीचे, सुरुंगाची दारू आणि दिव्याचे तेल कंपनीकडून विकत घ्यावयाचे, पीठमीठही पुष्कळ ठिकाणी कंपनीच्याच दुकानातून. महिनाअखेरीस चिठ्ठी हाती येई. तिच्यावर वर कमाई लिहिलेली, खाली ओळीने घरभाडे, दारू, तेल, किराणा, हत्यारांना धार लावण्याची मजुरी. आणि अगदी तळाशी, जेथे रोख रक्कम लिहावयाची, तेथे बहुधा एक आडवी रेघ. शेपूट तोडलेल्या जनावरावरून मजुरांनी अशा चिठ्ठीला ‘बांडी चिठ्ठी’ या अर्थाचे नाव दिले होते. माणसाने महिनाभर जमिनीखाली राबून वर यावे आणि त्याच्या हातात शून्य पडावे, ही गोष्ट त्या कागदाइतकी स्पष्टपणे कोणत्याही भाषणात सांगितलेली नसेल.

मरणाचा हिशेब चिठ्ठीत नसे. स्कूलकिल या एकाच परगण्यात सात वर्षांत ५६६ खाणकरी मेले व १,६५५ जबर जखमी झाले, असा आकडा दिला जातो. ६ सप्टेंबर १८६९ रोजी शेजारच्या लुझर्न परगण्यात ॲव्हनडेलच्या खाणीस आग लागली. आत जाण्यायेण्यास एकच विवर होते आणि त्याच्या तोंडावर लाकडी बांधकाम उभे केलेले होते. ते पेटताच खालच्यांचा मार्ग बंद झाला. खालचे १०८ आणि त्यांना सोडविण्यास उतरलेले दोन, असे ११० जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. त्या राखेशेजारी जमलेल्या लोकांपुढे जॉन सायनी नावाच्या, आयर्लंडात जन्मून इंग्लंडात वाढलेल्या खाणकऱ्याने भाषण केले आणि संघटनेत येण्याचे आवाहन केले. सायनीने आदल्याच वर्षी खाणकऱ्यांचा संघ स्थापन केला होता. ॲव्हनडेलनंतर तो झपाट्याने वाढला. वेल्श, इंग्रज आणि आयरिश मजूर, जे एरवी एकमेकांची डोकी फोडीत, ते त्यात एकत्र आले. सायनीचा मार्ग सरळ होता : वाटाघाटी, सुरक्षिततेचे कायदे, आणि अगदीच निरुपाय झाला तर संप. मारामारीस तो कट्टर विरोधी होता. ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण पुढे हा संघ आणि खून करणारे लोक एकच आहेत असे भासविण्यात फार मोठे हित गुंतले होते.

ते हित होते फ्रँकलिन गोवेन याचे. हा गृहस्थ विलक्षण बुद्धिमान, वक्तृत्वात निपुण, आणि स्वतः आयरिश वंशाचा. १८६०च्या सुमारास तो स्कूलकिल परगण्यात सरकारी वकील होता; दहा वर्षांत तो फिलाडेल्फिया-रेडिंग रेल्वेचा अध्यक्ष झाला. कोळसा वाहून नेणारी रेल्वे त्याच्या हाती होतीच. १८७१ पासून त्याने कोळशाच्या जमिनीही विकत घेण्याचा सपाटा लावला आणि एक लाख एकरांहून अधिक क्षेत्र रेल्वेच्या अंकित केले. लहान मालक संपले. राहिला मजुरांचा संघ. १८७३ साली गोवेनने पिंकर्टनला बोलावले, आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत मॅकपार्लन ‘जेम्स मॅकेना’ हे नाव घेऊन कोळशाच्या मुलखात उतरला.

मजुरीत सुमारे एकपंचमांश कपात जाहीर झाली आणि १८७५च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्या मुलखात तो ‘लांबलेला संप’ याच नावाने ओळखला जातो. गोवेनने कोळशाचा साठा आधीच करून ठेवला होता. घरांतले धान्य संपले, दुकानांनी उधारी बंद केली, लोक रानातील कंदमुळांवर दिवस काढू लागले. जून महिन्यात संप मोडला. मजूर कमी मजुरीवर परतले, पुढाऱ्यांना काम मिळेनासे झाले, आणि सायनीचा संघ नामशेष झाला. जी एकच जागा मजुराला गाऱ्हाणे मांडण्यास होती, ती अशा रीतीने बंद झाली, आणि त्याच उन्हाळ्यात पिस्तुले कडाडू लागली. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध मला तरी उघड दिसतो.

आता दुसरी खूण. ती मजुरांच्या बाजूची असली तरी त्यांचे भूषण नव्हे. ‘शवपेटीची नोटीस’ म्हणून ओळखले जाणारे काही कागद त्या काळात सापडत. ओबडधोबड हाताने काढलेली एक शवपेटी, शेजारी एकदोन पिस्तुले, आणि अशुद्ध स्पेलिंगात लिहिलेली धमकी : अमुक दिवसाच्या आत येथून चालता हो. कधी ती मुकादमाला असे, कधी संप फोडून कामावर जाणाऱ्याला. ही रीत थेट आयर्लंडातून आलेली. तेथे जमीनदारांविरुद्ध रात्री हल्ले करणारे शेतकरी बायकांची वस्त्रे नेसत आणि आपण मॉली मॅग्वायर नावाच्या कोणा कल्पित विधवेचे पुत्र आहोत असे सांगत. ते नाव समुद्र ओलांडून अमेरिकेत आले. परंतु या नावाची शिस्तबद्ध मंडळी तेथे होती की नव्हती, याविषयीच मुळात मतभेद आहे. आयरिश कॅथलिकांची ‘एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स’ ही परस्परसाह्यक संस्था उघडपणे चालत होती. फिर्यादी पक्षाने ही संस्था म्हणजेच मॉली मॅग्वायर असे सांगितले, आणि तिचा सभासद असणे हाच पुढे अर्धा गुन्हा ठरला.

खून मात्र खरे होते. त्यांवर पांघरूण घालण्याचा प्रयत्न काही भावनाशील लेखकांनी केला आहे, तो मला मान्य नाही. १८७५च्या जुलैत टमाक्वा गावात बेंजामिन योस्ट हा पोलीस रस्त्यावरचा दिवा विझविण्यास शिडीवर चढला असता त्याला गोळी घातली गेली. १ सप्टेंबरला थॉमस सँगर हा खाणीवरचा मुकादम आणि त्याच्यासोबत चाललेला विल्यम यूरेन, दोघे सकाळी कामावर जात असता मारले गेले. ३ सप्टेंबरला लॅन्सफर्ड येथे जॉन जोन्स या खाण-अधीक्षकाचा असाच अंत झाला. यांच्याही घरी माणसे वाट पाहणारी होती.

परंतु शवपेटीच्या नोटिसांना दुसऱ्या पक्षाकडूनही जोड मिळाली, ती क्वचितच सांगितली जाते. ऑगस्टच्या अखेरीस पिंकर्टनने आपल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यास पत्र लिहून, कायद्याच्या वाटेने काम होत नसेल तर त्या मुलखात लोकांची एक दंडमंडळी उभारावी असे सुचविले. १० डिसेंबरच्या पहाटे बुरखे घातलेली एक टोळी विगन्स पॅच या वस्तीतील ओडॉनेलांच्या घरात शिरली. चार्ल्स ओडॉनेल याला बाहेर ओढून त्याच्या देहाची चाळण केली, आणि त्याची गरोदर बहीण एलन मॅकॲलिस्टर हिला घरातच गोळी घातली. या खुनांबद्दल कोणालाही कधी शिक्षा झाली नाही. नवल असे की, याविरुद्ध पहिला संतप्त उद्गार निघाला तो खुद्द मॅकपार्लनच्या लेखणीतून. बायकांना ठार मारण्यासाठी मी माहिती पुरविली नव्हती, असा निषेध करून त्याने राजीनामा देऊ केला. पुढे तो राजीनामा मागे पडला आणि मॅकपार्लन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

खटले १८७६ साली पॉट्सव्हिल आणि मॉक चंक या दोन गावी चालले. त्यांचे स्वरूप आपल्या श्रोत्यांतील वकील मंडळींना तरी नवलाचे वाटेल. तपास केला रेल्वेने नेमलेल्या खाजगी हेराने. पुष्कळांना पकडले ते कंपन्यांच्या खाजगी पोलिसांनी. पॉट्सव्हिलला फिर्यादीच्या बाजूने उभा राहिला गोवेन स्वतः, आणि मॉक चंकला एका कोळसा कंपनीचा वकील जनरल अल्ब्राइट, तोही यादवी युद्धातील सेनापतीचा गणवेश अंगावर चढवून. ज्यूरीत आयरिश कॅथलिक कोणी घेतला गेला नाही. काही ज्यूरर तर जर्मन बोलणारे शेतकरी होते आणि इंग्रजी साक्ष त्यांना नीट समजत नव्हती. मुख्य पुरावा मॅकपार्लनचा, आणि त्याच्या जोडीला जेम्स केरिगन नावाच्या माफीच्या साक्षीदाराचा. हा केरिगन जोन्सच्या खुनात स्वतः सामील होता. योस्टला माझ्याच नवऱ्याने मारले, अशी साक्ष त्याच्या बायकोने कोर्टात दिली! तरीही केरिगन सुटला आणि ज्यांची नावे त्याने घेतली ते लटकले. मॅकपार्लनबद्दल आरोपींच्या वकिलांनी विचारलेला प्रश्न अजूनही निरुत्तर आहे : खून होणार हे याला आधी कळत होते, तर मरणाऱ्यांना सावध का केले नाही?

२१ जून १८७७, गुरुवार, हा दिवस त्या मुलखात ‘दोराचा दिवस’ म्हणून स्मरणात राहिला. पॉट्सव्हिलला सहा जण दोन-दोन करून, आणि मॉक चंकला चार जण एकाच वेळी फाशी दिले गेले. पॉट्सव्हिलच्या सहांपैकी जेम्स बॉइल हा हातात एक लाल गुलाब घेऊन फळीवर चढला होता. वार्ताहरांनी आपल्या हकीकतींत त्या फुलाची आवर्जून नोंद केली. ते फूल कोणी दिले, कशासाठी दिले, याचा विचार मात्र त्यांनी केलेला दिसत नाही. माणूस शेवटच्या क्षणी आपल्या मुठीत काय धरतो, याला न्यायशास्त्रात काही किंमत नाही हे खरे. पण ‘रानटी टोळी’ म्हणून रोज छापणाऱ्या वर्तमानपत्रांतच ही नोंद राहिली आहे, म्हणून तिचे मोल.

त्याच दिवशी मॉक चंकला फाशी गेलेल्या चौघांत अलेक्झांडर कँबेल होता. डोनेगॉलचा राहणारा, गुत्तेदार, जोन्सच्या खुनाचा कट त्याने रचला असा आरोप. खून झाला तेव्हा तो तेथे नव्हता, हे फिर्यादी पक्षालाही मान्य होते. दंतकथा अशी की, कोठडीतून नेण्यास शिपाई आले तेव्हा त्याने खालच्या धुळीत हात घासून पंजा भिंतीवर दाबला, आणि मी निर्दोष आहे याची साक्ष म्हणून ही खूण येथे कायम राहील असे उद्गार काढले. सतरा नंबरच्या कोठडीतला तो पंजा आजही दाखवितात. एका अधिकाऱ्याने गिलावा खरडून नवा दिला, दुसऱ्याने हिरवा रंग फासला, तरी पंजा पुन्हा उमटला, असे सांगतात. १९५४ साली त्या गावाचे नाव बदलून एका विख्यात खेळाडूच्या नावावरून ‘जिम थॉर्प’ ठेवले गेले. तुरुंग १९९५ पर्यंत चालू होता. पुढे तेथे संग्रहालय झाले आणि प्रवासी तिकीट काढून ती कोठडी पाहू लागले.

हा चमत्कार मी खरा मानीत नाही, आणि श्रोत्यांनीही मानू नये. तो पंजा कँबेलचा, की १८७८च्या मार्चमध्ये तेथेच फाशी गेलेल्या टॉमस फिशरचा, याविषयी खुद्द दंतकथेतच एकवाक्यता नाही. समजा, पंजा कँबेलचाच आहे. तरी भिंतीवर हात उमटल्याने जोन्सच्या खुनाचा कट त्याच्या गुत्त्यात शिजला नाही असे सिद्ध होत नाही. मग या खुणेत आहे तरी काय? मला वाटते, ज्या लोकांना कोर्टात आपली साक्ष नोंदविता आली नाही, त्यांनी ती पुढे पिढ्यान् पिढ्या त्या भिंतीवर नोंदविली. १९९२ साली कँबेलच्याच घराण्यातील पॅट्रिक कँबेल या लेखकाने या पूर्वजाविषयी एक पुस्तक लिहिले. कुटुंबात मुक्याने वाहिलेल्या ओझ्याला त्यामुळे वाचा फुटली. पिंकर्टनच्या पुस्तकाला घरच्या माणसाकडून उत्तर मिळण्यास एकशेपंधरा वर्षे लागली.

जॉन किहोची गोष्ट याहून निराळी. जिरार्डव्हिल गावचा हा गुत्तेदार, हायबर्नियन संस्थेचा परगण्यातील पुढारी, गावकऱ्यांनी निवडून दिलेला कॉन्स्टेबल. विगन्स पॅचला मारली गेलेली एलन ही त्याची सख्खी मेहुणी. त्याला फाशी झाली ती १८७५च्या कोणत्याही खुनाबद्दल नव्हे. १८६२ साली फ्रँक लँग्डन नावाच्या मुकादमाला जमावाने मारहाण केली व तो मेला, त्या चौदा वर्षांपूर्वीच्या प्रकरणात त्याला गोवले गेले. किहोने पूर्वी लँग्डनला धमकी दिली होती, हा पुराव्यातला मुख्य धागा. गव्हर्नर हार्ट्रान्फ्ट यांना मृत्युपत्रकावर सही करण्याचे धैर्य बरेच दिवस झाले नाही. अखेर १८ डिसेंबर १८७८ रोजी पॉट्सव्हिलला किहो फासावर गेला. जिरार्डव्हिलमधील त्याचा गुत्ता घराण्याकडेच राहिला, आणि शंभर वर्षांनी त्याच गुत्त्याच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पणतवाने हे प्रकरण पुन्हा उकरून काढले. १९७९च्या जानेवारीत गव्हर्नर मिल्टन शॅप यांनी जॉन किहोला मरणोत्तर माफी दिली. ती माफी त्या एकट्यापुरती होती.

या खुणांच्या मालिकेत आणखी एक कागद आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४ जानेवारी १८७९ रोजी मॉक चंकच्या तुरुंगात जेम्स मॅकडॉनेल आणि चार्ल्स शार्प या दोघांना फाशी द्यावयाची होती. त्यांच्यावरील आरोपही १८६३ सालच्या जुन्या खुनाचा. सकाळी गव्हर्नरने शिक्षा काही दिवस तहकूब करण्याचा हुकूम तारेने पाठविला. तार घेऊन आलेला माणूस तुरुंगाच्या दारावर धक्के देऊ लागला तेव्हा आतल्यांना वाटले की, कोणी नातेवाईक आक्रोश करीत आहे. दार उघडले गेले नाही. फळी खाली पडल्यावर अर्ध्या मिनिटाने तो कागद आत पोहोचला.